शेवाळ आणि शीळ

“मग थोर कोण म्हणायचं, बाबा? शेवाळ, का पक्षी?”

मौलाबाबा चुलीतल्या ओल्या लाकडाला फुंकर घालत होते आणि लाकूड काही केल्या ऐकत नव्हतं.

“मी गंमत म्हणून विचारत नाहीये.”

“मग बस की खाली. गंमत नसंल तर उभ्यानं कशाला इचारतोस?”

विचारणारा खाली बसला. साठीला टेकलेला, अंगाने सडसडीत, गळ्यात दोरीला बांधलेलं छोटं भिंग. हे डॉक्टर धोंडीराम झोरे. औषध देणारे डॉक्टर नव्हेत, शेवाळाचे. पावसाळ्यात दगडावर, भिंतीवर, झाडाच्या बुंध्यावर जी हिरवी मखमल धरते आणि पाय घसरला की जिला आपण चार शिव्या हासडतो, तिच्यात या माणसाने आयुष्य घातलं होतं. पुण्यात त्याचं नाव होतं, परदेशातही होतं. शेवाळातलं कुणाचं काही अडलं की लोक म्हणायचे, झोऱ्यांना विचारा.

आणि झोऱ्यांचं अडलं की ते इथे यायचे.

इथे म्हणजे कोयनेच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता संपतो आणि पायवाटही पुढे जायला कुरकुरते. खाली गवळी धनगरांची पाच-सात घरं, वर एक झरा. झऱ्याशेजारी पिराची कबर, कबरीशेजारी एक खोली आणि खोलीत मौलाबाबा मुजावर. संध्याकाळी दिवा लावायचा आणि आल्यागेल्याला पाणी द्यायचं, यापलीकडे बाबांना काही करताना कुणी पाहिलं नव्हतं. तरी लोक आपली दुखणी घेऊन त्यांच्याकडेच यायचे. का, ते विचारलं तर लोकांनाही सांगता येत नसे.

धोंडीराम त्याच पाच-सात घरांतला. तो लहान असताना बाप गेला, म्हशी गेल्या, आई चुलत्याच्या दारात राबू लागली. पोर दिवसभर उपाशी हिंडायचं. बाबांनी त्याला बोलावून भाकरी दिली आणि म्हणाले, बस इथं आन बघ. काय बघू, असं पोराने विचारलं. बाबा म्हणाले, जे हाय ते. पोराच्या नाकासमोर झऱ्याचा दगड होता आणि दगडावर शेवाळ होतं. पोराने तेच बघितलं, आणि मग जन्मभर दुसरं काही बघितलं नाही.

आज मात्र डॉक्टरसाहेबांचं डोकं फिरलं होतं.

सकाळी वर येताना झऱ्यापाशी त्यांना चार शहरी मंडळी भेटली होती. तोफेएवढाले कॅमेरे रोखून ती मंडळी उजाडल्यापासून शीळकरी कस्तुराची वाट बघत बसली होती. पक्षी देखणा, यात वाद नाही. निळसर काळा, खांद्यावर उन्हात चमकणारी निळाई, आणि शीळ अशी घालतो की कुणी आळशी पोरगा कामधंदा सोडून रानात भटकतोय असं वाटावं. धोंडीराम एका दगडापाशी वाकून भिंग लावणार, तोच त्यांतला एक जण म्हणाला, काका, जरा बाजूला व्हा, तुम्ही मध्ये येताय. धोंडीरामने त्याला समजावलं की बाबा रे, तुझ्या पायाखाली जे आहे ते पक्ष्याच्या कितीतरी आधीपासून या पृथ्वीवर आहे. त्याने पायाखाली बघितलं, पाय उचलला, बूट दगडाला पुसला आणि पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला.

ते सगळं सांगून झालं तरी धोंडीरामचा राग निवला नव्हता.

“शेवाळाला मुळं नसतात, बाबा. ते दगडाला धरून राहतं, पण दगडाचं काही खात नाही. आभाळातून पडेल तेवढं पाणी पितं. नाही पडलं तर वाळून गप्प पडून राहतं. पडलं की पुन्हा हिरवं होतं. कुणाच्या दारात जात नाही, कुणाचं देणं लागत नाही.”

“आन पाखरू?”

“ते सगळ्यांचं लागतं. ओढ्याचा खेकडा, झाडाची फळं, जमिनीतला किडा, कुणाची काडी, कुणाची माती. घेतल्याशिवाय त्याचा एक दिवस जात नाही.”

बाबांनी लाकूड फिरवून ठेवलं. जाळ धरला.

“मग शीळ कोन घालतं?” त्यांनी विचारलं.

धोंडीरामला हे विषयांतर वाटलं. म्हातारं माणूस, धागा सुटतो कधीकधी. त्याने नुसती मान हलवली.

खरं म्हणजे शेवाळाचं जे वर्णन त्याने केलं, ते त्याचं स्वतःचंच होतं. कुणाचं ठेवायचं नाही, हा त्याचा बाणा. शिकायला पुण्यात गेला तेव्हा एका आजीकडे तो वारावर जेवायचा. म्हणजे दर मंगळवारी त्या घरी त्याचं पान वाढलेलं असायचं. पुढे नोकरी लागल्यावर त्याने त्या आजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून दिलं. ज्या मास्तरांनी फी भरली, त्यांच्या शाळेला त्याने खोली बांधून दिली. चुलतीच्या घरावर नवे पत्रे घातले. एकेकाचं फेडत गेला, आणि एकदा फेड झाली की त्या घराची वाट त्याला आठवत नसे. मनात काही वाईट नव्हतं. त्याला वाटायचं, आता कशाला?

राहिले होते ते एकटे मौलाबाबा.

त्यांचं काही केल्या फिटत नव्हतं. घोंगडी दिली, ती वाटेतल्या गुराख्याच्या अंगावर दिसली. रेडिओ दिला, तो खालच्या घरात वाजू लागला. खोलीला फरशी घालतो म्हटलं, तर बाबा म्हणाले, मग लाकडं कुठं फोडू? या माणसाला द्यायचं तरी काय, या विचाराने धोंडीरामला वर्षानुवर्षं झोप लागत नव्हती म्हटलं तरी चालेल.

बिनदुधाचा चहा झाला. बाबांनी बशीत ओतला आणि पुढे सरकवला. धोंडीरामने तो प्यायला आणि मग खिशातून एक कागदाची पुडी काढली, फार जपून, पोरगी बघायला गेलेल्या घरी पेढे काढावेत तशी.

“बाबा, या खेपेला नाही म्हणायचं नाही. मी तुमचं नाव देणार आहे.”

“कुनाला?”

“शेवाळाला.”

बाबांनी पुडीकडे बघितलं, मग धोंडीरामकडे.

“मानसं पाय घसरून पडतील, धोंड्या. आन माझं नाव घेतील.”

धोंडीराम हसला नाही. त्याने पुडी उघडली. आत चिमूटभर वाळकं हिरवं काहीतरी होतं, बारीक वेणी घातल्यासारखं गुंफलेलं.

मग तो सांगू लागला आणि सांगताना त्याचा आवाज मऊ झाला. तरुणपणी तो जर्मनीत शिकायला होता. पहिला हिवाळा फार वाईट गेला. बोलायला माणूस नाही, ऊन नाही, भाकरी नाही. तेव्हा तो रानात जायचा. तिथल्या झाडांच्या बुंध्यांवर असंच वेणी घातलेलं एक शेवाळ असतं, बोटभर जाड आणि मऊ. तिकडची माणसं पूर्वी उशीत भरायची म्हणे. त्याच्यावर हात ठेवून तो बसायचा, आणि झऱ्यापाशी बसल्यासारखं वाटायचं. त्या शेवाळाने त्याला तगवलं होतं.

“आणि गेल्या वर्षी चैत्रात, बाबा, तीच वेणी मला इथे दिसली. आपल्या झऱ्यावर. आधी विश्वास बसेना. मग पुण्याला नेऊन वर्षभर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितली. तिकडच्याच्या पानाचं टोक लांब, इकडच्याचं आखूड. तिकडचं जरा पिवळट, हे गर्द. म्हणजे ते नव्हे, त्याचा धाकटा भाऊ. आजवर कुणी न बघितलेला. ज्याने पहिल्यांदा बघितलं, त्याने नाव ठेवायचं असतं. पुढच्या आठवड्यात पुण्यात आमच्या लोकांची सभा आहे. तिथे उभा राहून मी तुमचं नाव जाहीर करणार. आपण सगळे गेल्यावरही ते पुस्तकात राहील.”

बाबा ऐकत होते.

“एवढं झालं, की मी मोकळा.”

“कशातनं मोकळा?”

“तुमच्या ऋणातून, बाबा. दुसरं काय राहिलंय माझं?”

बाबांचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला. चुलीचा धूर डोळ्यांत गेला असेल, असं धोंडीरामने मनाशी म्हटलं.

बाबांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“कुठं घावलं म्हनालास?”

“धारेच्या मागे. वरच्या कपारीत.”

बाबांनी बशी खाली ठेवली आणि काठी शोधली.

“चल. दाव.”

झऱ्यावर कुणी नव्हतं. कॅमेरेवाली मंडळी जेवायला खाली उतरली होती. आश्विनातलं ऊन पडलं होतं, पण धारेपाशी गारवा होता. कातळातून पाण्याची मनगटाएवढी धार खालच्या टाक्यात पडत होती, आणि तिच्या मागे, माणसाच्या डोक्याच्याही वर, दगडात एक आडवी कपार होती. कपारीच्या कडेवरून हिरवं शेवाळ बोकडाच्या दाढीसारखं खाली लोंबत होतं.

धोंडीरामने बोट दाखवलं. या इथे आपण टाचा उंचावून उभे राहिलो, दाढीचं टोक चिमटीत आलं तेवढं तोडलं आणि भिंगाखाली धरलं, असं त्याने सांगितलं. मग त्याला दुसरंही आठवलं. तो पक्षी. सगळा वेळ डोक्यावर घिरट्या घालत होता आणि कर्कश ओरडत होता, कान किटले. शेवटी खडा मारून त्याला हाकलावं लागलं होतं.

“का वरडत हुतं?” बाबांनी विचारलं.

“भांडखोर जात आहे ती. माझी जागा, माझं पाणी.”

“वर चढला हुतास तू?”

“चढायची गरज नव्हती. आम्हाला चिमूटभर पुरतं.”

बाबांनी काठी एका मोठ्या धोंड्यावर आपटली. धोंडा कपारीच्या बाजूलाच होता. त्यावर उभं राहिलं तर कपार छातीला येईल असा.

“चढ.”

“बाबा, आता या वयात…”

“चढ म्हनतो न्हवं.”

धोंडीरामने बूट काढले, विजारीचे पाय दुमडले. लहानपणी याच धोंड्यावरून तो टाक्यात उड्या मारायचा. आज मात्र दोनदा हात सुटला आणि तिसऱ्यांदा तो कसाबसा वर पोचला. कपारीत अंधार होता. त्याचा हात आपोआप गळ्यातल्या भिंगाकडे गेला.

“भिंग ऱ्हाऊ दे,” खालून आवाज आला. “हात घाल. वरनं घाल.”

त्याने हात घातला. शेवाळाचा गालिचा असेल, हाताला सपाट लागेल, या हिशेबाने तो तळवा टेकवायला गेला. तळवा टेकलाच नाही. तो खाली गेला, आणि गोल, गुळगुळीत, उबदार अशा एका खोलगट जागेत अलगद जाऊन बसला. बारीक मुळ्यांचं अस्तर होतं. त्याखाली माती थापलेली होती. बाहेरून सगळीकडे ती वेणी.

धनगराच्या पोराला हे सांगावं लागत नाही. त्याच्या डोक्याच्या आधी हाताने ओळखलं.

“काय हाय?”

धोंडीरामने हात बाहेर काढला. बोटाला एक निळसर पीस चिकटलं होतं.

“घरटं आहे, बाबा.”

“रिकामं?”

“रिकामं.”

“श्रावणातच उडाली पिल्लं. दर साली तिथंच बांधतंय. जुनंच डागडुजी करून घेतं.” बाबा काठीवर हनुवटी टेकवून उभे होते. “आता सांग. शेवाळ तिथं उगवलं, का कुनी आनलं?”

पक्षी का ओरडत होता, ते धोंडीरामला आता कळलं. घराची भिंत उपटणाऱ्या माणसाला तो ओरडत होता, आणि त्या माणसाने त्याला खडा मारला होता. फार लाजल्यासारखं झालं त्याला. पण शास्त्रज्ञ म्हटला की लाजसुद्धा थोडी थांबते. त्याने प्रश्न पुढे नेला.

“आणलं. पक्ष्यानेच आणलं. पण कुठून आणेल? या डोंगरात ते नाही. मी सगळा डोंगर पालथा घातलाय. हे तर फक्त तिकडे…”

तो बोलता बोलता थांबला.

“उतर आता,” बाबा म्हणाले. “पडशील.”

तो उतरला आणि ओल्या दगडावरच बसला. बाबा त्याच्याशेजारी बसले आणि त्यांनी सांगितलं. फार काही सांगायचं नव्हतंच.

जर्मनीतून धोंडीरामने एक पेटी पाठवली होती. पिराच्या कबरीवर टांगायला दिव्याची काचेची हंडी, निळ्या नक्षीची. पहिल्या शिष्यवृत्तीतून घेतलेली. ती फुटू नये म्हणून पेटीत भोवती काहीतरी भरायला हवं होतं. दुसऱ्या कुणी रद्दी भरली असती, पेंढा भरला असता. हा शेवाळाचा माणूस. हा रानात गेला आणि पोतंभर शेवाळ घेऊन आला. हंडी त्यात निजवून त्याने पेटीला खिळे ठोकले.

पेटी बोटीने आली, बैलगाडीने आली, डोक्यावरून आली. इथे पोचली तेव्हा खुळखुळ्यासारखी वाजत होती. आत हंडीचा चुरा झाला होता. बाबांनी एकेक काच वेचली आणि बकऱ्यांच्या पायाला लागू नये म्हणून उंबराखाली खोल पुरली. शेवाळ मात्र त्यांना टाकवेना. पोराने हाताने तोडलेलं, इतक्या लांबून आलेलं. वाळून खारीक झालं होतं, तरी त्यांनी ते झऱ्याच्या कट्ट्यावर ठेवलं. पाणी लागल्यावर ते हिरवं झालं. मग एक दिवस बाबा बघतात तर पाखरू चोचीने ओढून नेतंय. एक वेणी नेली, दुसरी नेली. चार दिवसांत कट्टा साफ.

“म्या म्हनलं, ने बाबा. तुला तरी उपेग हाय.”

धोंडीरामला आठवलं. परत आल्यावर त्याने कबरीवर मान वर करून बघितलं होतं, हंडी नव्हती. दिली असेल कुणाला, असं त्याने धरलं आणि विचारलं नाही. पण ते त्याच्या मनात इतकी वर्षं सलत राहिलं होतं.

“हंडी फुटली, हे तुम्ही कळवलं नाहीत.”

“न्हाय.”

“पोचलं, म्हणून निरोप दिलात.”

“पोचलंच हुतं की. समदं कुठं फुटलं?”

धोंडीराम पाण्याच्या धारेकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे सगळं एकदम उभं राहिलं. जे मोलाचं म्हणून पाठवलं त्याचा चुरा झाला. जे भर म्हणून कोंबलं, ते जगलं. इतक्या पावसाळ्यांत त्या उशीवर किती पिल्लं निजली असतील. त्या परक्या हिवाळ्यात ज्याने आपल्याला तगवलं, ते इथे येऊन कुणाकुणाला ऊब देत राहिलं आणि आपल्याला पत्ताच नाही. त्याला भरून आलं. इतकं, की क्षणभर सभेचा विसर पडला.

मग सभा आठवली.

नवं शेवाळ नव्हतंच. धाकटा भाऊ नव्हता. तिकडचंच होतं ते, फक्त इथलं पाणी पिऊन टोक आखूड आणि रंग गर्द झालेलं. वर्षभर आपण आपल्याच पेटीतल्या पेंढ्याला भिंग लावून बघत होतो. आणि नाव द्यायचं म्हणून जे ठरवलं होतं, ते गेलं. शेवटचं ऋण तसंच राहिलं.

“बाबा,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “पेटीचं कुणाला ठाऊक आहे?”

“मला. आन आता तुला.”

“आणखी कुणाला नाही?”

“पोस्टमन मेला. पाखरू बोलत न्हाय.”

मोह वाईट असतो. तो नेहमी शहाण्या माणसाच्या आवाजात बोलतो. धोंडीरामला तो म्हणाला, टोक आखूड आहे हे खोटं का आहे? रंग गर्द आहे हे खोटं का आहे? नाव तर बाबांचंच द्यायचंय, स्वतःचं थोडंच? एवढी एक गोष्ट झाकली, तर गुरुदक्षिणा पुरी होते. त्यात कुणाचं काय जातं?

त्याने हे सगळं बाबांना बोलून दाखवलं. लपवलं नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“दे की नाव,” ते म्हणाले. “मी कशाला अडवू? पर घर त्या पाखराचं. त्येच्या घरावर माझ्या नावाची पाटी… बरं दिसतंय का ते तूच बघ.”

धोंडीराम हसला. हसता हसता त्याला रडूही आलं आणि त्याने ते आवरलं नाही. बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी टाक्यातलं पाणी ओंजळीत घेऊन स्वतःच्या तोंडावर मारलं, आणि आपल्या खांद्यावरचं फडकं त्याच्यापुढे धरलं.

थोड्या वेळाने धोंडीराम उठला. खिशातली पुडी त्याने काढली आणि पुन्हा त्या धोंड्यावर चढला. या वेळी हात सुटला नाही. पुडीतली चिमूट त्याने ओंजळभर पाण्यात भिजवली. वाळकी वेणी हळूहळू सुटली, पानं उलगडली, हिरवा रंग परत आला. आयुष्यात हजार वेळा त्याने हे बघितलं होतं, आणि विद्यार्थ्यांना त्याचं कारणही सांगितलं होतं. आज तो कारण विसरून नुसता बघत राहिला. मग ज्या जागेवरून तोडली होती तिथेच, घरट्याच्या कडेला, ती चिमूट त्याने ओल्या मातीच्या बोटाने लिंपून बसवली. काम पाखराइतकं सुबक झालं नाही.

कागद रिकामा झाला होता. तो घडी करून त्याने खिशात ठेवला.

“सभेत सांगावं लागेल आता,” तो उतरताना म्हणाला. “की नवीन काही नाही. झोऱ्यांनीच तिकडून आणलं, आणि झोऱ्यांनाच ओळखू आलं नाही. हसतील लोक.”

“हसू दे. शेवाळाच्या मानसांना एरवी कुठं हसाय मिळतंय?”

कड्यावरच्या दगडावर कस्तूर येऊन बसला होता. दोघांकडे बघत त्याने शेपटी पंख्यासारखी उघडली, मिटली. धोंडीरामने त्याच्याकडे बघून नकळत हात जोडले, आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून लगेच खाली घेतले. बाबांनी बघितलं होतं.

परत निघायची वेळ झाली. उन्हं उतरायला लागली होती आणि खालची एसटी कुणासाठी थांबत नाही. धोंडीरामने बूट घातले, नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. त्याला बोलायचं होतं. मोठमोठी भाषणं केलेल्या माणसाला दोन शब्द जुळवता येईनात, आणि जेव्हा जुळले, तेव्हा ते पुण्याचे नव्हते.

“बाबा… म्या समद्यांचं फेडलं. एक न्हाय ठिवलं कुनाचं. आन ज्यानं मला मानसात आनलं, त्येचं मातुर माझ्याच्यानं कायबी फिटलं न्हाय.”

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्या आधाराने उठून उभे राहिले आणि हात तिथेच राहू दिला.

“फिटलं असतं, तर आज आला असतास का रं?”